पास कुणी दिला?

नागपूरला निघाले तेव्हा पर्समध्ये जाण्याचं एक आणि येण्याची दोन तिकिटं होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी हिवाळ्यातली संत्री खायला किंवा फिरायला गेले होते असा गैरसमज नको. मी माझ्या लेकीला परत आणायला गेले होते.

लेकीचं नाव रेवती, इयत्ता नववी. आम्ही चिपळूणचे. मागच्या मे महिन्यात ती माझ्या धाकट्या भावाकडे, सुहासकडे, सुट्टीला गेली. शेजारच्या मुलीचं बोट धरून तिथल्या एका शाळेच्या उन्हाळी शिबिरात बास्केटबॉल खेळू लागली आणि शिबिर संपायच्या आत त्यांच्या भोयर मॅडमचा मला फोन. "पोरगी इथंच ठेवा. हिच्या हातात खेळ आहे." आमच्या गावात मुलींची कबड्डी आहे, खो-खो आहे. बास्केटबॉलची म्हणाल तर एकच रिंग, आणि तिच्या खांबाला दोरी बांधून लोक चादरी वाळत घालतात. रेवतीला विचारलं तर म्हणाली, "मी राहते." आमच्या रेवतीच्या मानाने हे भाषणच झालं. ही मुलगी जन्माची अबोल. दुसरी पोळी हवी असली तरी मागणार नाही, ताटाकडे बघत बसेल. तिने एवढं तोंड उघडलंय म्हणजे मनापासून हवं असणार, म्हणून आम्ही हो म्हटलं.

जूनपासून रोज संध्याकाळी फोन. "जेवलीस?" "हं." "खेळायला गेली होतीस?" "हं." "मैत्रिणी झाल्या का?" "हं." दिवाळीतही सरावामुळे ती घरी आली नाही. अशाने आईचं काय होतं ते आयांनाच ठाऊक. मी त्या प्रत्येक 'हं'च्या मागे एक कोपऱ्यात बसून रडणारी मुलगी बघू लागले. शेवटी नवरा कंटाळून म्हणाला, "तू एकदा जाऊनच ये. खुशीत नसेल तर सरळ घेऊन ये. शाळा काय, इथंही आहे."

हुडकेश्वर

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फार लांब आहे एवढंच. सुहास कळमेश्वरला कारखान्यात आहे आणि घर त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला बांधलंय. रोज सबंध नागपूर ओलांडून जातो, ओलांडून येतो, आणि वर म्हणतो इथे ट्रॅफिक नाही. त्याच्या गल्लीत एका बाजूला नव्या कोऱ्या तीन मजली इमारती आणि दुसऱ्या बाजूला तुरीचं शेत. मला कोकणातल्या बाईला पहिले काही तास चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मग लक्षात आलं, डोंगर नाहीत. नजर जाते ती जातच राहते.

सुहासची बायको वर्षा तिकडचीच, शेतकऱ्याच्या घरातली. तिने माझ्यासाठी गोळाभात केला होता. बेसनाचे झणझणीत गोळे भातातच वाफवायचे आणि वरून हिंगाचं गरम तेल. आम्ही आमटीत नारळ घालून तिखटाला समजावतो. वर्षा तिखटाला समजावत बिमजावत नाही. दुसऱ्या घासाला मला उचकी लागली आणि मी ताक मागितलं.

रेवती सरावाहून आली ती मी अजून उचक्या देत असताना. माझ्या कानाला लागणारी मुलगी आता माझ्या डोक्यावरून बघत होती. "कधी आलीस?" म्हणाली. आवाज पार बसलेला. घोगरा, फाटका. रडून रडून बसतो तसा.

"घशाला काय झालं गं?"

"काही नाही." आणि ती कोमट पाणी घेऊन आत गेली.

मी वर्षाकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. "काहून टेंशन घेऊन राहिल्या ताई? मस्त आहे आपली रेवा. खेळून येते, जेवते, झोपते. पोरगी बोलत नाही म्हणजे रडून राहिली असं थोडी होय?"

यजमानीण असंच म्हणणार, असं मी मनात म्हटलं. आणि येण्याची दोन्ही तिकिटं पर्समधून काढून एकदा नीट पाहिली.

शाळेचं मैदान

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण नागपुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या घरी विचारलंत तर सांगतील. जुन्या शहराच्या कडेला बैठी इमारत, कडुनिंबाची झाडं आणि मधोमध सिमेंटचं कोर्ट. आमच्याकडे शाळेत शिरलं की सरस्वती दिसते. इथे तीही आहे, पण तिच्या शेजारी भिंतभर मुलींचे संघ उभे आहेत. सुरुवातीच्या फोटोत दोन वेण्या आणि गुडघ्याखाली येणाऱ्या चड्ड्या. पुढे वेण्या जातात, केस कापले जातात, कप वाढत जातात. भोयर मॅडमनी एकेकीवर बोट ठेवून सांगितलं. ही रेल्वेत तिकीट तपासते, खेळाच्या जोरावर लागली. ही पोलिसात. ही राज्याकडून खेळली आणि आता इथे शिकवते, म्हणजे त्या स्वतः. प्रत्येक जुन्या फोटोत एका टोकाला तोच बारीक माणूस, हातात शिट्टी. त्यांना सगळ्या 'मोठे सर' म्हणतात. पाण्याच्या पाइपांचे दोन खांब उभे करून त्यांनी हे सगळं सुरू केलं म्हणे. आता ते नाहीत, त्यांचे दोन नियम आहेत.

पहिला नियम मला लगेच भोगावा लागला. मी कोर्टाकडे निघाले तर मॅडमनी अडवलं. "पालक तिकडे." तिकडे म्हणजे कडुनिंबाखाली एक लांब लाकडी बाक, आणि त्याचं तोंड कोर्टाकडे नाही, रस्त्याकडे. "पाठ करून बसायचं. सराव पाहायचा नाही. पोरीच्या हातून बॉल सुटला की आईचं तोंड पडते, पोरगी ते पाहाते, अन् पुढचा बॉल तिथूनच सुटते. मोठ्या सरांचा नियम आहे."

चिपळूणहून चौदाशे प्रश्न डोक्यात घेऊन आलेली बाई मी, लेकीकडे पाठ करून भाजीच्या हातगाड्या बघत बसले. बाकावर आणखी एकच पालक होते. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर संत्र्यांची पिशवी. कळमेश्वरच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी. मुलगी आरती इथे वसतिगृहात राहून शिकते.

"मी तं पयल्यांदाच आलो," ते म्हणाले. "नाईतर आरतीची माय येते. तिनं सांगून ठेवलं, पायता येत नाई, कान देऊन बसा. दुसरा नियम मालूम आहे न?"

मला माहीत नव्हता. त्यांनी संत्रं सोलत सोलत समजावलं. या कोर्टावर बास्केट झाली की जिने बॉल टाकला तिने, जिने तिला पास दिला तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव नाही घेतलं तर सरावात ती बास्केट धरतच नाहीत. टाकणारी सगळ्यांना दिसते, देणारी दिसत नाही, असं मोठ्या सरांचं म्हणणं. त्यामुळे बाकावरच्या आईबापांना पाठ करूनही कळतं, आपल्या मुलीने आज कितीदा पास दिला.

म्हणजे नाव ऐकू आलं की समजायचं, मुलगी खेळात आहे. मी कान टवकारले.

मागे बॉल आपटू लागला. बूट करकरले. आणि एकदम एक आवाज आला, "आरती!" असा खणखणीत, घोगरा, रस्त्यावरचा हातगाडीवाला दचकून बघेल असा. शेजारचे काका फुलले. "आपली आरती," त्यांनी मला संत्र्याची फोड देत सांगितलं. मग "मयूरी!" मग पुन्हा "आरती!" दुसऱ्या मुलींचेही आवाज येत होते, पण हा एक आवाज सगळ्यांच्या वर. मध्येच तो कुणाला तरी झापतही होता. "काहून थांबली वं? पळ ना! बॉल काय तुह्या घरी येईन का?"

"कोन पोरगी होय कोन जाणे," काका म्हणाले, "पन आवाज पाय कसा! आपल्या आरतीचं नाव लय घेऊन राहिली बिचारी."

"घरी कसे सांभाळत असतील हिला," मी म्हटलं. मी बालवाडी चालवते. भिंतीपलीकडून कुठलं मूल रडतंय ते आवाजावरून सांगते, त्यात मला कुणी हरवलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मला आवाजांशी कर्तव्य नव्हतं. मला एक नाव हवं होतं. आरती आलं, मयूरी आलं, सानिका आलं. रेवती आलं नाही. दिवे लागले, हातगाड्या गेल्या, काकांची संत्री संपली. रेवती एकदाही नाही.

काकांनाही ते कळलं असावं. जाता जाता म्हणाले, "आज नाई तं उद्या घेतीन नाव. लेकरं होय." त्या चांगुलपणाने मला जास्तच रडू आलं.

गांधीबाग

शनिवारी वर्षा मला साड्या घ्यायला गांधीबागेत घेऊन गेली. गठ्ठ्यांवर गठ्ठे, हमाल, "बाजू बाजू" करत जाणाऱ्या गाड्या. ठोक बाजारात माझ्यासारख्या एका साडीच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो, पण वर्षाच्या ओळखीचं एक दुकान होतं. गादीवरून एक बाई उठल्या आणि उठतच राहिल्या. सहा फूट तरी असतील. वरच्या फळीवरचा गठ्ठा त्यांनी शिडीशिवाय काढला.

या संध्याताई. त्याच शाळेच्या. लग्न होऊन सासरच्या दुकानात बसल्या, पण डिसेंबरातल्या एका रविवारी जुन्या मुली विरुद्ध शाळेचा संघ असा सामना होतो, तो त्यांनी कधी चुकवलेला नाही. आणि तो उद्याच होता. मी बाकाची गोष्ट काढली तशा त्या साड्या विसरल्या.

"त्या नाव घेण्यापायी आम्ही फायनल हरलो आहे, मालूम?" त्या हसत म्हणाल्या. "बाहेरगावी होती स्पर्धा. शेवटी शेवटी मी बास्केट मारली. एका पॉइंटनं पुढं. मी तिथंच थांबली, मागं वळली अन् मस्तपैकी ओरडली, 'भोयर!' पास ह्याच तुमच्या मॅडमनं दिला होता. आता आमच्या कोर्टावर सगळेच थांबत. त्या पोरी काहून थांबतीन? त्यांनी बॉल उचलला अन् आमच्या रिंगखाली. संपली मॅच."

"मग?"

"मग काय, रडत रडत घरी. आम्हाले वाटलं, सर आता नियमच काढून टाकतीन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांले उभं केलं अन् म्हणाले, चूक नाव घेतलं ते नाही, चूक थांबल्या ते. पळत पळत घ्या. सबंध सकाळ कोर्टाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून राहिलो अन् एकमेकीची नावं ओरडून राहिलो. तेव्हापासून आमच्या पोरींचे गळे असे आहेत." आणि नमुना म्हणून त्यांनी गादीवरूनच वर्षाच्या नावाने अशी हाक मारली की समोरच्या दुकानातला माणूस चहा सांडत बाहेर आला.

मी हसले, साडी घेतली, दुपारी तर्री-पोह्यांवर सगळी लालभडक तर्री एकदम ओतून घेण्याची चूकही केली आणि डोळ्यांतलं पाणी तिखटाचं आहे असं वर्षाला सांगितलं. खरं तर एकच विचार होता. इतक्या ओरडणाऱ्या मुलींमध्ये माझं हे मुकं पोर काय करणार?

संध्याकाळी रेवती एकटी सापडली. गच्चीवर बूट पुसत बसली होती.

"काल मी बाकावर होते."

"हं."

"तुझं नाव एकदाही आलं नाही गं."

तिने बुटावरून मान वर केली नाही. "माझं नाव कसं येईल?" त्याच बसक्या आवाजात म्हणाली.

माझ्या मनात जे होतं तेच तिच्या तोंडून आलं. मी तिच्याजवळ बसले. "रेवू, सोमवारचं तुझं तिकीट काढलंय. बाबाही म्हणालेत. इथे राहायलाच हवं असं काही नाही."

बूट पुसायचा हात थांबला. तिने बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते खांद्याला अडकवले. मग म्हणाली, "उद्या मॅच आहे," आणि खाली गेली. नाही म्हणाली नाही. म्हणजे येणार, असा मी अर्थ काढला. सुटलो एकदाचे, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवार

जुन्या मुलींच्या सामन्याला पाठीचा नियम उठतो. वर्षातून तेवढ्या एका दिवशी पालकांनी कोर्ट बघायचं. त्यासाठी बाक फिरवावा लागतो आणि तो पालकांनीच फिरवायचा असा रिवाज आहे. मी, आरतीचे वडील, सुहास आणि एक आजी अशा चौघांनी तो जड बाक उचलला, कण्हत कण्हत वळवला. आजींनी नुसता हात लावला होता, पण सगळ्यात जास्त त्याच दमल्या.

जुन्या मुली आल्या. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कडेवर मूल. ते मूल वर्षाच्या मांडीवर देऊन आई कोर्टात गेली. भोयर मॅडमही आज त्यांच्यातच, आणि संध्याताई सगळ्यांच्या मधोमध. शाळेच्या संघात मला रेवती दिसली आणि मी एवढंच मागितलं की तिची शोभा होऊ नये.

सामना सुरू झाला. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. इकडून तिकडे सगळ्या धावतात आणि मध्येच कुणीतरी शिट्टी मारतं. एकदा बॉल एका चपळ मुलीकडे आला. काका ओरडले, "आपली आरती!" आरतीने तो न बघताच बाजूला दिला. तिथे रेवती होती. दोन पावलं, उडी, आणि बॉल जाळीतून खाली.

आणि लगेच तो परवाचा आवाज, "आरती!"

मी मागे वळून पाहिलं, कोण ओरडलं म्हणून.

मागे कुणी नव्हतं. रिकामा रस्ता होता. मी परत कोर्टाकडे पाहिलं. रेवती उलट दिशेने पळत होती, हात वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, तोंड अजून उघडंच. पुढची बास्केटही तिचीच. आता मी डोळे तिच्या तोंडावरच लावून बसले होते. "मयूरी!" तो खणखणीत, घोगरा, हातगाडीवाल्याला दचकवणारा आवाज माझ्या रेवतीच्या तोंडातून आला. पाठोपाठ एका दमलेल्या मैत्रिणीला, "काहून थांबली वं? पळ ना!"

"आवं ताई," आरतीचे वडील उठूनच उभे राहिले, "हे तं तुमची पोरगी होय! परवापासून हेच ओरडून राहिली!"

माझं नाव कसं येईल, असं ती म्हणाली होती. कसं येणार! टाकणारी तीच होती. नावं तीच घेत होती. घसा रडून बसला नव्हता, ओरडून बसला होता. जिला पोळी मागता येत नव्हती ती भर मैदानात मैत्रिणींना झापत होती, तेही वऱ्हाडी बोलीत. सहा महिने छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी हसत होते की रडत होते ते वर्षालाही कळेना. तिने मांडीवरचं मूल माझ्याकडे दिलं, म्हणजे मी निदान शांत बसेन.

शेवटाला शाळेच्या मुली एका बास्केटने मागे होत्या. बॉल रेवतीकडे. समोर संध्याताई, हात पसरून, कपाटासारख्या उभ्या. बाकावरचा प्रत्येक माणूस म्हणत होता, मार. तिने उडी मारली आणि हवेतच बॉल खाली, मागे, आरतीकडे सोडला. आरतीने टाकला. बरोबरी. आरती वळली, पळत सुटली आणि तिच्या बापाने कधी ऐकलं नसेल इतक्या जोरात ओरडली.

"रेवती!"

"घ्या," काका मला म्हणाले, "आलं नाव." त्यांचेही डोळे भरले होते.

त्यानंतर संध्याताईंनी आणखी एक बास्केट मारून सामना जुन्या मुलींना जिंकून दिला. पळत पळतच भोयर मॅडमचं नाव घेतलं, आणि मग दम लागून कोर्टावर आडव्या झाल्या.

तर्री-पोह्यांच्या ताटल्या फिरत असताना मी रेवतीला गाठलं. "हे सगळं फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस."

"रोज विचारत होते की!"

"तू विचारायचीस, जेवलीस का."

"मग काय विचारायचं?"

रेवतीने खांदे उडवले. शेजारी तोंडात पोहे कोंबून उभी असलेली आरती म्हणाली, "काकू, पास कोनी दिला ते विचारा न."

रेवती माझ्या पर्सकडे बघत होती. "तिकीट?"

"एक रद्द करते," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. आणि मग मला अशी मिठी मारली की माझ्या नव्या साडीवर तर्रीचा डाग पडला. तो अजून गेलेला नाही.

चिपळूण

येताना शेजारचा बर्थ मोकळा होता. त्यावर आरतीच्या वडिलांनी दिलेली संत्र्यांची पिशवी ठेवली आणि मी गाढ झोपले. इतकी शांत झोप मला जूनपासून लागली नव्हती.

परवा संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन केला. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. मी जेवणाचं काढलंच नाही. "आज पास कुणी दिला?" एवढंच विचारलं.

पलीकडून ती सुरूच झाली. आरतीने दिला, मयूरीने दिला, सानिकाने दिला पण उशिरा दिला, त्यावरून भांडण झालं, मग मॅडमनी दोघींना पळवलं, आणि कोण कसं पडलं, आणि कोण काय म्हणालं. मला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "कोण गं एवढं ओरडतंय?"

"आपली रेवती," मी म्हटलं.